गुडघा बदलला, आता घरी की रिहॅबला?

आईच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन मंगळवारी झालं. बुधवारी दुपारी सिस्टर ड्रेसिंग बघायला आल्या आणि जाता जाता म्हणाल्या, "शुक्रवारी डिस्चार्ज होईल हं, घरची तयारी करून ठेवा." रात्री न्यू जर्सीहून दादाचा फोन. "शुक्रवारी? तीन दिवसांत? इथे माझ्या ऑफिसमधल्या एकाच्या आईला दोन आठवडे रिहॅबला ठेवलं होतं. पुण्यात तसं काही नाही का? पैशांचं बघू नकोस."

पैशांचं बघू नकोस हे सांगणारा माणूस सहसा रात्री अडीच वाजता आईला धरून बाथरूमला नेणारा नसतो, पण ते असो. प्रश्न रास्त होता. तिसऱ्या मजल्यावरचं घर, लिफ्ट नाही, आई ७१ वर्षांची. घरी न्यायचं की अशा एखाद्या रिहॅब सेंटरमध्ये ठेवायचं, जिथे नर्स आणि व्यायाम करून घेणारा फिजिओ दोन्ही असतात? पुढचे दोन दिवस मी हेच वाचत आणि लोकांना विचारत होते. त्यातून जे समजलं ते इथे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. तुमच्या सर्जनने वेगळं सांगितलं असेल तर अर्थातच त्यांचं ऐका.

आधी ऑपरेशनमध्ये नेमकं काय बदलतं ते बघू, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. गुडघेबदलात अख्खा गुडघा काढून दुसरा बसवत नाहीत. मांडीच्या हाडाचं खालचं टोक आणि नडगीच्या हाडाचं वरचं टोक, यांचा झिजलेला थर कापून त्यावर धातूचं आवरण बसवतात आणि मध्ये टणक प्लास्टिकची चकती घालतात. दाताला कॅप बसवतात तसाच प्रकार, फक्त मोठा. खुबा बदलायचा असेल तर मांडीच्या हाडाचा वरचा गोळाच काढावा लागतो. हाडाच्या पोकळीत धातूचा दांडा, त्यावर नवा गोळा आणि कमरेच्या बाजूला नवी वाटी. आज खुब्याचं जे ऑपरेशन होतं त्याचा पाया इंग्लंडमधले सर्जन जॉन चार्नली यांनी १९६२च्या सुमारास घातला.

हा नवा सांधा बहुतेकांच्या बाबतीत पहिल्या दिवसापासून वजन पेलतो. म्हणूनच त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी वॉकर हातात देऊन उभं करतात. "इतक्या लवकर कसं चालवतात, सांधा हलेल ना," ही भीती आमच्याकडे भेटायला आलेल्या प्रत्येकाने बोलून दाखवली. सांधा हलत नाही. कुरकुरतं ते त्याच्या भोवतालचं सगळं: कापलेली त्वचा, ताणलेले पडदे, सूज आणि मांडीचा पुढचा मोठा स्नायू. हा स्नायू ऑपरेशननंतर संपावर गेल्यासारखा वागतो. आई "पाय उचल" म्हटल्यावर पायाकडे नुसती बघत राहायची. पाय आपला आहे हेच जणू तिला पटत नव्हतं.

गुडघा आणि खुबा यांचे स्वभावही उलटे. गुडघा आखडतो, त्याला रोज मनवून वाकवावं आणि सरळ करावं लागतं. खुबा सहसा आखडण्याचा त्रास देत नाही, त्याला उलट आवरावं लागतं. मागच्या बाजूने छेद घेऊन ऑपरेशन केलं असेल तर पहिले सहा ते बारा आठवडे खुबा ९० अंशांपेक्षा जास्त वाकवायचा नाही, पायावर पाय टाकायचा नाही, पाऊल आत वळवायचं नाही, असं बरेच सर्जन सांगतात. नाहीतर गोळा वाटीतून निसटू शकतो. पुढून छेद असेल तर बंधनं कमी असतात. त्यामुळे "अमक्यांना काहीच पथ्य नव्हतं" हे ऐकून आपली पथ्यं मोडू नयेत. त्यांचा छेद कुठून होता हे सांगणाऱ्याला बहुधा माहीत नसतं.

गुडघ्याचा हिशोब अंशांत चालतो. सपाट जमिनीवर चालायला साधारण ६५ ते ७० अंश वाकावं लागतं, जिने चढाउतरायला ८५ ते १००, नेहमीच्या खुर्चीतून हात न टेकता उठायला ९० हून थोडं जास्त. मांडी घालून बसायला किंवा उकिडवं बसायला १३० च्या पुढे. तिथवर बहुतेकांनी जायची गरज नसते आणि बरेच सर्जन जाऊही देत नाहीत. वाकण्याकडे सगळ्यांचं लक्ष असतं, पण पूर्ण सरळ होणं त्याहून महत्त्वाचं. पाच-दहा अंश वाकडा राहिलेला गुडघा आयुष्यभर लंगडायला लावतो. आणि फसगत इथेच होते. गुडघ्याखाली उशी घेतली की बरं वाटतं. आमच्या फिजिओ बाई पहिल्या दिवशी आल्या, त्यांनी काहीही बोलण्याआधी आईच्या गुडघ्याखालची उशी ओढून काढली आणि टॉवेलची गुंडाळी टाचेखाली ठेवली. आईने त्यांच्याकडे ज्या नजरेने पाहिलं ते मी विसरणार नाही.

म्हणजे पुढच्या सहा ते बारा आठवड्यांत करायचं काय, तर सूज उतरवायची, गुडघा सरळ करायचा आणि वाकवायचा, तो संपावरचा स्नायू कामाला लावायचा, चाल सुधारायची आणि या काळात पडायचं नाही. याला रिहॅबिलिटेशन म्हणतात. हे काम करायच्या जागा आपल्याकडे ढोबळमानाने चार. फिजिओ घरी येतो. आपण क्लिनिकला जातो. रिहॅब सेंटरमध्ये किंवा हॉस्पिटलातच आणखी दोन-तीन आठवडे राहतो. किंवा फिजिओ मोबाइलवर दिसतो आणि व्यायाम आपले आपण करतो.

दादाचा समज असा, की यातली तिसरी जागा सर्वांत चांगली आणि बाकीच्या पैसे वाचवायच्या. मलाही तसंच वाटायचं. मग सिडनीतला एक अभ्यास वाचनात आला, २०१७ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापून आलेला. गुडघा बदललेल्या १६५ जणांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटाला दहा दिवस रिहॅब वॉर्डात ठेवलं आणि मग घरचा व्यायाम दिला. दुसऱ्याला थेट घरी पाठवून फक्त घरचा व्यायाम, अधूनमधून देखरेख. सहा महिन्यांनी दोघांना सहा मिनिटं चालायला लावलं. दोन्ही गटांचं सरासरी अंतर ४०० मीटरच्या आसपास आणि फरक जेमतेम एका मीटरचा. त्याआधी २००८ मध्ये टोरंटोत गुडघा किंवा खुबा बदललेल्या २३४ जणांवर असाच प्रयोग झाला होता. तिथेही वेदना आणि हालचालीत फरक नाही, खर्च मात्र घरी कमी.

दादाच्या अमेरिकेतही चित्र बदललंय. तिथे दोन प्रकारची ठिकाणं असतात. एक म्हणजे रिहॅब हॉस्पिटल, जिथे पेशंटने साधारण रोज तीन तास, आठवड्यातून पाच दिवस व्यायाम करणं अपेक्षित असतं. दुसरं नर्सिंग फॅसिलिटी, जिथे व्यायाम कमी आणि शुश्रूषा जास्त. पूर्वी सांधेबदलानंतर तिकडे पाठवायची सर्रास पद्धत होती. एप्रिल २०१६ पासून मेडिकेअर या सरकारी विमा योजनेने ६७ शहरी भागांत नवा नियम लावला: ऑपरेशन आणि नंतरचे ९० दिवस यांचा एकच हिशोब, आणि तो वाढला तर जबाबदार हॉस्पिटल. त्यानंतर तिथल्या हॉस्पिटलांनी जास्त लोकांना थेट घरी पाठवायला सुरुवात केली आणि गुंतागुंत काही वाढली नाही. रिहॅब हॉस्पिटलच्या नियमांतही सांधेबदलाच्या पेशंटची गणती होते ती मुख्यतः तीन कारणांनी: दोन्ही बाजूंचं ऑपरेशन एकदम, वय ८५ किंवा जास्त, नाहीतर फार जास्त लठ्ठपणा. हे दादाला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे पैसे वाचवायलाच पाठवतात ना घरी?" हो, कारण पैशाचंच. पण पेशंटचं त्यात नुकसान झालं नाही, हेही तितकंच खरं.

असं का होत असावं, याचं उत्तर मला घड्याळात सापडलं. फिजिओ बाई आमच्याकडे ४० मिनिटं थांबायच्या. उरतात २३ तास २० मिनिटं. महागड्या सेंटरमध्ये दोन वेळा ४५ मिनिटं धरली, तरी साडेबावीस तास उरतातच. त्या उरलेल्या तासांत दर दोन तासांनी टाच मागे सरकवायची, घोटे खालीवर करायचे, गुडघा गादीत दाबायचा, हे जो करतो त्याचा गुडघा वाकतो. कोणत्या इमारतीत केलं याची गुडघ्याला पर्वा नसते. पाय आपोआप हलवणारं एक मशीन असतं, काही ठिकाणी त्याचं वेगळं बिल लावतात. त्यावर झालेल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा सांगतो, की त्याने दोन-तीन अंशांपलीकडे फायदा होत नाही.

मग रिहॅब सेंटरचा उपयोग कोणाला? माझ्या मामाला.

मामा ७८ वर्षांचा, साताऱ्याला एकटा राहतो. बाथरूममध्ये पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. आईचं ऑपरेशन ठरवून, तारीख काढून, शुगर-बीपी तपासून झालेलं. मामाचं म्हणजे पडला आणि दीड दिवसात टेबलावर. ठरवून केलेलं सांधेबदल आणि मोडलेल्या खुब्यासाठी केलेलं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि वर सांगितलेले अभ्यास पहिल्या प्रकाराचे आहेत, त्यातही फारशी गुंतागुंत नसलेल्यांचे. खुबा मोडलेला माणूस बहुधा आधीच थकलेला असतो, जेवण कमी झालेलं असतं, ऑपरेशननंतर दोन-चार दिवस बरळतोही. मामा रात्री उठून "एसटी चुकेल" म्हणत सलाइनची नळी ओढायचा. अशा माणसाला फिजिओ, नर्स, शुगर बघणारा डॉक्टर, जेवणाकडे लक्ष देणारं कोणी, असं सगळं एका छताखाली मिळालं तर त्याचा उपयोग होतो, आणि त्याबाजूने चांगला पुरावाही आहे. आम्ही त्याला पुण्यात एका सेंटरमध्ये तीन आठवडे ठेवलं. तिथे सांगितलं होतं की फिजिओ स्वतंत्र मिळेल. प्रत्यक्षात एक मुलगी सहा पेशंट हाताळत होती. तरीसुद्धा तो तिथून स्वतःच्या पायाने चालत बाहेर आला, आणि साताऱ्याच्या घरात एकटा ते शक्य नव्हतं. रात्री घंटी वाजवली की कोणीतरी येतं, तीन आठवड्यांचे खरे पैसे त्याचे होते.

सेंटर बघायला गेलात तर व्यायामाच्या मशीन मोजत बसू नका. दुपारी चार वाजता जा, म्हणजे किती पेशंट पलंगावर आणि किती उभे ते दिसेल. एका फिजिओकडे किती जण, रात्री नर्स आहे की फक्त मावशी, डॉक्टर रोज येतो की फोनवर असतो, तापलं किंवा जखमेतून पाणी आलं तर कोणत्या हॉस्पिटलात नेणार, हे विचारा. दोन्ही गुडघे एकदम केले असतील, घरी रात्री कोणी नसेल, पेशंटला विस्मरण असेल किंवा हृदयाचा, किडनीचा जुना आजार असेल तर सेंटरचा विचार जरूर करावा. नुसतं "मुलं लांब आहेत, वाईट दिसतं" म्हणून नको.

क्लिनिकचा मार्ग मला सर्वांत दुर्लक्षित वाटतो. पहिले दोन आठवडे जाणं अवघड, टाके ओले, रिक्षात शिरताना पाय कुठे ठेवायचा ते कळत नाही. पण टाके १०-१४ दिवसांनी निघाले की क्लिनिकला जावं. तिथे सायकल असते, पायऱ्या असतात आणि मुख्य म्हणजे दुसरे गुडघे असतात. शेजारच्या टेबलावर सहाव्या आठवड्यातल्या काकू ११० अंश वाकवताना दिसल्यावर आईने त्या दिवशी न सांगता दहा वेळा जास्त पाय ओढला. तयार होऊन घराबाहेर पडणं हासुद्धा व्यायामच. ब्रिटनमधल्या नाइस या संस्थेची २०२० ची मार्गदर्शक तत्त्वं तर म्हणतात, की बहुतेकांना व्यायाम समजावून देऊन स्वतः करू द्या. ज्यांना रोजची कामं जमत नाहीत किंवा स्वतः करून प्रगती होत नाही त्यांना देखरेखीखाली घ्या.

मोबाइलवरच्या फिजिओबद्दल मी साशंक होते. अमेरिकेत ३०६ जणांवर झालेला आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो, की पडद्यावर व्यायाम दाखवणारी यंत्रणा आणि फिजिओशी ठरावीक संपर्क एवढ्यावरही १२ आठवड्यांनी गुडघा नेहमीच्या पद्धतीइतकाच चालतो. तालुक्याच्या गावात जिथे फिजिओ ४० किलोमीटरवर असतो, तिथे हे चांगलंच आहे. पण निदान पहिल्या दोन-तीन वेळा कोणीतरी हात लावून बघावं. कॅमेऱ्यातून कोन दिसतो, पोटरी गरम आहे का ते कळत नाही.

पोटरीचं मुद्दाम सांगते, कारण घरी ठेवण्यातली खरी जोखीम ती आहे. पायातल्या शिरेत रक्ताची गाठ होऊ शकते, म्हणून रक्त पातळ ठेवणारं औषध साधारण दोन ते पाच आठवडे देतात. ते "आता बरं वाटतंय" म्हणून बंद करू नये. पोटरी अचानक टणक होऊन सुजली, दुखली, तर त्याच दिवशी डॉक्टर. दम लागला किंवा छातीत दुखलं तर थेट हॉस्पिटल. जखमेतून स्राव वाढणं, थंडी वाजून ताप, खुब्याच्या पेशंटचा पाय अचानक आखूड किंवा वळलेला दिसणं, यांतल्या कशालाही सकाळपर्यंत थांबायचं नाही. उलट गुडघा दोन-तीन महिने कोमट लागणं, संध्याकाळी सूज येणं, छेदाच्या बाहेरच्या बाजूचा एक तुकडा बधिर राहणं, हे सहसा नेहमीचंच असतं. आम्ही त्या बधिर तुकड्यावरून दोन रात्री जागलो.

घरी आणायचं ठरलं तर ऑपरेशनच्या आधीच्या रविवारी घर बघा, नंतर वेळ मिळत नाही. आमचा दिवाण बुटका होता. सुताराने चारही पायांखाली लाकडी ठोकळे बसवले. बसल्यावर गुडघा ढुंगणाच्या वर येता कामा नये, एवढी एकच कसोटी, आणि खुब्यासाठी तर ती फारच महत्त्वाची. सोफा बाद, हातांची लाकडी खुर्ची बाहेर काढली. देशी संडास असेल तर कमोडची खुर्ची लागतेच. सर्जिकलच्या दुकानात विकतही मिळते, भाड्यानेही. पायपुसणी, सतरंज्या, मोबाइलच्या वायरी उचला. बाथरूमपर्यंतच्या वाटेवर रात्री दिवा. वॉकर त्या दारातून जातो का ते आधी मोजा. आमचा जात नव्हता, दोन इंचांनी. शेवटी दाराचं पान काढून पडदा लावला आणि तीन आठवडे घरातल्या प्रत्येकाने गाणं म्हणत अंघोळ केली.

तिसऱ्या मजल्याचा प्रश्न वाटला तेवढा मोठा निघाला नाही. हॉस्पिटलच्या जिन्यावर शुक्रवारी सकाळीच फिजिओने चढउतार करून घेतली. चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी ऑपरेशनचा. घरी पोचायला २५ मिनिटं लागली, प्रत्येक मजल्यावर शेजाऱ्यांनी खुर्ची टाकून ठेवली होती. एकदा वर गेल्यावर मात्र टाके काढेपर्यंत ती खाली उतरली नाही.

खर्चाचं थोडं. गुडघ्याच्या सांध्याची किंमत सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये बांधून दिली, त्यामुळे ऑपरेशनच्या बिलाचा तेवढा भाग तरी आवाक्यात आला. पुढच्या फिजिओला, रात्री पेशंटजवळ थांबायला ब्युरोतून आणलेल्या बाईला असं कुठलं बंधन नाही. आमच्याकडे फिजिओच्या १८ भेटी झाल्या, भेटीचे ७०० प्रमाणे १२,६०० रुपये. रात्रीच्या बाईंचे दहा दिवसांचे पैसे त्याहून थोडे जास्त झाले. मामाच्या सेंटरचं तीन आठवड्यांचं बिल या दोन्हींच्या बेरजेच्या कितीतरी पट. आरोग्य संजीवनीसारख्या पॉलिसीत डिस्चार्जनंतरचे ६० दिवस धरलेले असतात, पण घरची फिजिओथेरपी त्यात बसते का हे आपल्या पॉलिसीत वाचून, सर्जनकडून लेखी सल्ला घेऊन मगच खर्च करावा. घरी येणारा फिजिओ राज्याच्या परिषदेकडे नोंदणी झालेला आहे का, हे विचारण्यात संकोच नको. आमच्याकडे पहिल्यांदा आलेला मुलगा "मालिश पण करतो" म्हणाला, त्याला चहा देऊन पाठवून दिलं.

पाचव्या दिवशी आईचा गुडघा ५८ अंश वाकत होता. बाराव्या दिवशी ८५. मग चार दिवस काहीच हललं नाही, आई रडली, फिजिओ बाईंनी दुखण्याची गोळी व्यायामाच्या अर्धा तास आधी घ्यायला लावली आणि व्यायामानंतर पंधरा मिनिटं बर्फ. एकविसाव्या दिवशी १०४. सहाव्या-सातव्या आठवड्यापर्यंत ९० सुद्धा होत नसेल तर सर्जनला दाखवायचं, भूल देऊन गुडघा वाकवायची सोय असते, पण ती वेळेत करावी लागते, असं त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. तशी वेळ आली नाही.

डावा गुडघा डिसेंबरात करायचं ठरतंय. दादाला तारीख कळवली तेव्हा रिहॅबचं त्याने नावही काढलं नाही. तो येतोय तीन आठवड्यांसाठी, रात्रपाळीला. फक्त विचारलं, कमोडची खुर्ची परत केलीस की आहे.

माळ्यावर आहे.